बाटलीतलं कॉम्प्लेक्स

सांगली, रविवार, १९ जानेवारी २०२५

चंद्रे,

न्हाई, क्रांती वाळली न्हाई. दोन येळा चापून जेवती, वर माझ्या ताटातली भाकरी मोडून खाती. फोटोत डोळ्याखाली काळं दिसतंय म्हनलीस, त्ये काळं न्हवं, चष्म्याची सावली हाय. तू पाव्हन्यांना इचारलंस, आकाराम पाव्हन्यांनी उसात शिरून मला फोन लावला, आन मी तुला कागदावर सांगती. तुझा नवरा फौजेत हुता म्हनून बरं, चोरून निरोप पोचवायची सवय हाय त्येला. माझा नंबर तू उडवलास, पोटच्या पोरीचा बी उडवलास. पोस्टमन काय उडवता येत न्हाई, म्हनून ह्यो कागुद.

औंदा यमाईच्या जत्रंला आमाला बोलावलं न्हाईस. मी म्हनलं ऱ्हाऊ दे, तेवढंच तुझ्या हातची तिखटजाळ आमटी चुकली. क्रांती त्या दिवशी "मावशे, पुरनपोळी कर" म्हनली, आन एकच खाल्ली.

वर्स झालं आता. तवा तुमच्या गावच्या लालासाहेबाची गोष्ट एकदा माझ्याकडनं ऐक. तुझ्या कानावर आली ती त्येनं डेअरीवर चार लोकं हसवाय सांगितलेली. मी हितं हुते, माझ्या डोळ्यांनी बगितलंय.

त्यो आला नारळ घिऊन. पोराला मोबाईलचं दुकान टाकायचंय, तुमच्या क्रांतीच्या कॉम्प्लेक्समदी रस्त्याच्या अंगाचा गाळा पायजे, म्हनला. क्रांती डबा भरत हुती, तिनं निम्मंच ऐकलं. "काका, तुमाला माझं कॉम्प्लेक्स बगायचंय?" म्हनली. अगं, तीन वर्सांत तिचं काम बगाय कुनी मागितलं न्हवतं. पोरगी आशी हरकली, की डबा तिथंच ठिवून चप्पल घातली. रिक्षात लालासाहेब मला इचारतोय, "मनुबाई, किती मजली हाय?" मी रस्त्याकडं बगत बसले.

कालेजात तिच्या त्या प्रयोगशाळेत गेलो. लालासाहेब म्हनला, "हापिस झाक हाय. आता साइटवर चला."

"हीच की साइट, काका." तिनं कपाटातनं बोटाएवढी बाटली काढली, खिडकीच्या उजेडाला धरली. पिकल्या जांभळाचा रंग. "ह्ये बगा. लोखंडाचं हाय. आपलं आपन जुळतंय, कुनी बांधाय लागत न्हाई."

"आन मजलं?"

"मजलं नसत्यात काका, लांब साखळी आसती."

"पार्किंग?"

क्रांती हसली, तिला वाटलं ह्यो चेष्टा करतोय. लालासाहेब एका हातात बाटली, दुसऱ्या काखंत नारळ, आसा हुभा. "मग पोरी, ह्यात माझा गाळा कुटं?" म्हनला, तवा तिच्या ध्येनात आलं. तिचं तोंड पडलेलं मी बगितलंय. त्यो नारळ तिथंच टेबलावर ठिवून निघाला. मी घरी आनला, चटनी केली. खवट निघाला, आता लालासाहेबाला सांग.

पुढचं तुझं तुला म्हाईत. "चंद्राबाईच्या पोरीचं कॉम्प्लेक्स सदऱ्याच्या खिशात मावतंय." बचत गटातल्या बायका तुला दवाखान्यातनं खोकल्याची बाटली घिऊन येताना बगून "गाळा शिल्लक हाय का" इचारायला लागल्या. पोरगी सांगलीत कॉम्प्लेक्स बांधती, आसं जत्रंत तूच तर सगळ्यांना सांगितलं हुतंस. तू पोरीला फोन केलास, तीन वर्सं मला फसवलंस म्हनलीस, खोटारडी म्हनलीस, आन ठिवलास.

पर ती खोटं बोलली न्हाई गं. तू इचारायचीस, "कॉम्प्लेक्स कुटवर आलं?" ती म्हनायची, "आई, तुटतंय आजून, मजबूत हुईना." तू म्हनायचीस, "सिमिट कमी घालत आसतील." तिला वाटायचं, आई चेष्टा करती. लोखंडाच्या भवतीनं दुसरं काय पक्कं चिकाटलं, की त्येला त्यांच्या रसायनशास्त्रात कॉम्प्लेक्सच म्हनत्यात. तिनं कॉम्प्लेक्स म्हनलं, तू कॉम्प्लेक्स ऐकलंस. आता ह्यो शबूद पयल्यांदा कुनी तुझ्या कानावर घातला, कवा घातला, त्ये कुनाला आठवतंय?

तुझी आक्का,
मनुबाई


सांगली, गुरवार, ६ फेब्रुवारी २०२५

चंद्रे,

निरोप पोचला. "पानी रंगवायचं तर चिमूटभर हळद बास हाय, त्येला चार वर्सं कशाला?" आसं म्हनलीस म्हनं. पाव्हनं सांगताना हसत हुतं, त्यांना उसात ठसका लागला. मी बी हसले. तोंड माझ्याच वळनाचं हाय तुझं. पर हासून झाल्यावर मी क्रांतीला म्हनलं, मला चार वर्सांचा हिशोब दाव. मी बी सातवी पास हाय.

मंगळवारी तिनं मला पुन्यांदा कालेजात नेलं. गिऱ्हाइकांचं जेवनाचं डबं लवकर पोचवून, चांगलं लुगडं नेसून गेले. पयली गोष्ट तिनं आशी सांगितली, की एक लिगँड आसतंय. मी ऐकलं लगीन.

"कुनाचं लगीन?"

"लिगँड, मावशे. लोखंडाला धरून बसतंय त्ये."

"मग लगीनच की."

पोरीनं कपाळाला हात लावला. मग म्हनली, "बरं, तसं धर. पन लोखंडाला हिकडनं एक आन तिकडनं एक, आशी दोन लागत्यात."

"म्हंजे दोन बायकांचा दादला."

"व्हय. आन परत्येक बायकूनं दुसऱ्या हातानं दुसरं लोखंड धरलेलं आसतंय."

म्हनलं, ह्ये कालेजात शिकवत्यात, आन आमी गावात कुजबूज करून मेलो.

पर चंद्रे, चेष्टा बाजूला. ती काडी तिनं सोता केलेली हाय. डोळ्याला दिसत न्हाई येवढी बारीक, आन तिच्या दोनी टोकांना तीन-तीन बोटांचा पंजा. फुगडीला मनगट धरतो न्हवं का आपन, तसा पंजा लोखंडाला धरतोय. काडी, लोखंड, काडी, लोखंड. आशी साखळी. त्यातली निम्मी वर्सं ती काडी करन्यातच गेली. एकदा करायची म्हंजे सा टप्पं, आन पाचव्या टप्प्याला नासली की पुन्यांदा पयल्यापासनं. किती येळा नासली म्हनून इचारलं, तर "मोजायचं सोडलं" म्हनली. घरी येऊन कवा रडली न्हाई बग. फकस्त आशा दिवशी येऊन भांडी घासायची, घासलेली बी घासायची. मला वाटायचं, पोरीला कामाची आवड लागली.

मग तिनं माझ्या हातात नळी दिली. "मावशे, तूच घाल." एका बाटलीत काड्यांचं पानी, बगाय गेलं तर साधं पानीच. नळीत लोखंडाचं पानी, त्ये बी फिक्कं. मी एक थेंब सोडला. थेंब पडला तिथनं जांभळा धूर निगाल्यागत झालं, आन बगता बगता सगळी बाटली जांभळी. मी ढवळलं बी न्हवतं. साखळी वळाय कुनी न्हाई, गाठ माराय कुनी न्हाई. ज्येला ज्येला धरायचं त्येला त्येनं धरलं. मी बाटली उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. क्रांती माझ्या तोंडाकडं बगत हुती. तिला वाटलं असंल, ही बी इचारती का काय, गाळा कुटं.

आन आजून हाय. त्या साखळीचं पानी तिनं काचंवर पातळ पसरून वाळवलंय. जांभळी काच. तिला दोन तारा लावून बारीक सेल जोडला, तर रंग उडाला. साफ, पल्याडची भिंत दिसाय लागली. तारा उलट्या केल्या, रंग माघारी. खिडकीला आशी काच बसवली, की उनाच्या येळंला गडद करायची, सांजंला मोकळी. पडदा नको, काय नको. मी पोरासारखी तारा उलटसुलट करत बसले. तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या, उत्कर्षा मॅडम, हिच्या कामावर त्यांची देखरेख आसती. मी हात मागं घेतला. तर म्हनल्या, "करा मावशी, करा. हजारो वेळा करून रंग टिकतो का ते आम्हाला बघायचंच आहे. तुम्ही रोज आलात तर बरं होईल."

हळदीनं ह्ये हुतंय का सांग. हळदीच्या पेठंत माझी हयात गेली, ह्यांच्या सदऱ्याला लागलेला डाग मला सेल लावून काढता आला न्हाई.

मनुबाई


सांगली, रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चंद्रे,

ह्या खेपंला तुझा निरोप आला न्हाई. पाव्हनं म्हनलं, वाचून घडी घातली आन पिठाच्या डब्याखाली ठिवली. फाडली न्हाईस, येवढं मला बास.

आज तुझीच गोष्ट तुला सांगती, तुला म्हाईत नसलेली.

आमचं ह्ये जलमभर हळदीची पोती तोलायचं, तुला ठावं हाय. पोत्यामागं चिमूटभर हिकडं तिकडं झालं तर कोन बगत न्हवतं. तुझी पोरगी तोलती त्ये बोटावर घेतलं तर दिसायचं बी न्हाई. काट्याला काचंची पेटी, दार लावल्याबिगार आकडा ठरत न्हाई. पंखा बंद. मी शेजारी हुभी ऱ्हाऊन श्वास सोडला तरी आकडा हालतोय. मला म्हनली, "मावशे, जरा बोलू नको." तर मी बोलले न्हाई. ह्यांना जलमात जमलं न्हाई त्ये काट्यानं जमवलं.

येवढं बारीक कशाला? तर जितक्या काड्या तितकंच लोखंड पायजे. लोखंड जास्ती झालं तर जो त्यो आपापलं लोखंड धरून बसतोय, पुढच्याचा हात कोन धरनार. कमी झालं तर काड्या मोकळ्या ऱ्हात्यात. दोन्हीकडनं साखळी तोकडी. आन तोकडी साखळी काचंवर टिकत न्हाई, चार दिवसांत पापुद्रं निगत्यात. तू फोनवर ऐकायचीस न्हवं का, "आई, तुटतंय", त्ये ह्ये.

आठ म्हैनं आसं चाललं. तोलती बरोबर, हिशोब बरोबर, साखळी तोकडी. तुझा फोन बंद झाला त्याच सालातली गोष्ट. शेवटी शेवटी म्हनाय लागली, "मावशे, लालासाहेब काका बरोबर हुतं, बाटलीत काय न्हाईच." मी चेष्टा केली, हसली न्हाई. तवा मी भ्याले.

श्रावनात मी लिंबाचं लोनचं घालत हुते. बरनीतलं मीठ पाऊसपान्यानं पाझरलेलं. मी वाटीनं मापून घालाय लागले, तर ही दारातनं म्हनली, "आसं नगं घालू. आई मीठ भाजून घेती."

म्हनलं, "तुझ्या आईला कशात बी जाळ लागतोय."

"न्हवं मावशे. पावसाळ्यात मिठात पानी आसतंय. आपन मोजतो वाटीभर, जातंय पाऊनवाटी. मग लोनचं नासतंय." आसं म्हनली, आन बोलता बोलता थांबली. चष्मा काढून हातात धरला. "मावशे," म्हनली, "माझं लोखंड बी मीठच हाय."

डबा न घेता गेली. त्येचं आसं झालेलं, की लोखंडाचं पानी करायचं त्ये बी एक जातीचं मीठच आसतंय. ह्या किस्नाकाठच्या दमट हवंत बाटली उगडली की त्ये पानी पितंय. ही तोलायची लोखंड म्हनून, त्यात निम्मंशिम्मं पानी. लोखंड कमी पडायचं, काड्या मोकळ्या. तिनं त्ये मीठ हवा वढून घेनाऱ्या भट्टीत वाळवलं, कोरडं करून तोललं, आन मग जी साखळी झाली, चंद्रे, ती आजून तुटली न्हाई. त्याच साखळीच्या काचंवर मी तारा फिरवत बसले हुते.

मॅडमनी इचारलं, "हे कसं सुचलं?" ही म्हनली, "आईच्या लोणच्यावरून." मला वाटलं मॅडम हसतील. त्यांनी वही काढली आन इचारलं, "किती वेळ भाजतात?"

चार वर्सांच्या कामाचं तिनं जाडजूड पुस्तक केलंय. सगळं इंग्रजीत, मला त्यातली चित्रं कळली. पर पयल्या पानावर मराठीत एकच वळ हाय. "मीठ भाजून मोजणाऱ्या माझ्या आईस." मला मावशीला खाली बारीक अक्षरात घातलंय, मी भांडनार हाय.

येत्या एकवीस मार्चला, शुक्करवारी, अकरा वाजता तिची परीक्षा हाय. भाईरगावचं मोठं सर येनार, चारचौघांत प्रश्न इचारनार. कुनालाबी बसता येतंय. झाली की पोरगी डॉक्टर. सुई टोचनारी न्हवं, नायतर लालासाहेब गुडघं दाखवाय यील. ती बाकी काय मागत न्हाई. परवा फकस्त इचारलं, "मावशे, आई आली तर तिला पयल्या रांगंत बसवू का दुसऱ्या? पयल्या रांगंत ती बुजंल."

ये गं. नंबर नको चालू करू, मला शिव्या दे, पर ये.

मनुबाई


सांगली, गुरवार, ६ मार्च २०२५

चंद्रे,

ह्ये स्पीड पोस्टानं टाकती. मंगळवारच्या आत तुझ्या हातात पडाय पायजे.

पाव्हन्यांनी तुझी अट सांगितली. मंगळवारी क्रांतीनं गावाकडं यावं. लालासाहेब आन बचत गटाच्या बायका तू बोलावनार. त्यांच्या म्होरं तिनं म्हनायचं, मी आईला खोटं सांगितलं, माझं चुकलं. येवढं केलं तर तू एकवीसला येनार.

मी म्हनलं, हे तिला सांगायचंच न्हाई. पर तिनं माझं तोंड बगितलं आन फोन माझ्या हातातनं घेतला. पाव्हन्यांकडनं सगळं ऐकून घेतलं. मग बसली भाकरी खात.

"जाती मी मावशे," म्हनली.

"कशाला? तू खोटं बोललीच न्हाईस."

"चार शबूद तर हायत. आई यील."

"परीक्षा पंधरा दिवसांवर. आन तू त्या बायकांच्यात नाक घासाय जानार?"

"माझ्याच तोंडून कवातरी अर्धंमुर्धं गेलं आसंल. मी नीट समजावून सांगाय पायजे हुतं. आई उगंच कशाला बिल्डिंग म्हनंल? तिनं कुटंतरी ऐकलंच आसंल की."

मी तव्यावरची भाकरी उलटायची इसरले. ती उठली, गॅस बंद केला, "तू नको मनाला लावून घिऊ" म्हनली. मला म्हनली. तिनं मंगळवारच्या सकाळच्या एसटीचं बी ठरवलंय, माघारी संध्याकाळची, म्हंजे बुधवारचं काम बुडायला नको.

तुझं बी खोटं न्हाई. तू ऐकलंसच हुतंस. कुनाकडनं ऐकलंस त्ये तू इसरलीस, कारन त्येच्यानंतर तीन वर्सं फोनवर त्येच बोलनं चाललं. मी इसरले न्हाई.

चार वर्सांमागं तू तिला न्यायला आलीवतीस. एमेस्सी झाली हुती, तू एक स्थळ बगून ठिवलं हुतंस. सांगलीच्या एसटी स्टँडवर आपन तिघी. तिची पिशवी तुझ्या मांडीवर. तोंड एवढंसं झालेलं, पर तुला उलट बोलत न्हवती. मग ती पान्याची बाटली आनाय गेली, आन तू मला इचारलंस, "हिला म्होरं आन शिकून काय करायचंय गं आक्का?"

मी म्हनलं, "येडी का काय तू. इंजिनेर लोकांच्या बरोबरीनं लोखंडाचं कॉम्प्लेक्स बांधनार हाय ती. भर सांगलीत. तू तिला चुलीम्होरं बसवाय न्हेतीस." तू म्हनलीस, "कॉम्प्लेक्स? म्हंजे दुकानं-बिकानं?" मी म्हनलं, "खाली दुकानं, वर फ्लॅट." तू पिशवी मांडीवरनं खाली ठिवलीस. ती पानी घिऊन आली, तवा तू तिच्या डोक्यावरनं हात फिरवलास आन एकटीच गाडीत चढलीस. तिला आजवर कळलं न्हाई, तुझं मन कशानं फिरलं.

मला ठावं न्हवतं आसं समजू नको. आदल्याच दिवशी तिनं मला पाटीवर काडून दावलं हुतं, काडी, पंजा, लोखंड, सगळं. बिल्डिंग न्हवं, ह्ये मला सूर्यापरमानं म्हाईत हुतं. लालासाहेब नारळ घिऊन आला, तवा बी मला दारातच सांगता आलं आसतं. मी रिक्षात बसले. तू तिला खोटारडी म्हनलीस, तवा मी शेजारी हुभी हुते, फोनमधनं तुझा आवाज मला ऐकू येत हुता. वर्सभर दोगींनाबी म्हनत ऱ्हायले, ऐकन्यात घोटाळा झाला.

मंगळवारी क्रांती येनार न्हाई. मी येनार. आज सांजंला जेवताना तिला बी सांगनार हाय, मग ती माझ्याशी बोलती का न्हाई त्ये बगू. तू बायका गोळा कर, लालासाहेबाला खुर्ची दे, मी हुभी ऱ्हाऊन सांगंन. मग एकवीसला पोरीच्या म्होरं जाऊन बस.

आन आता ऱ्हायलेलं. तू म्हनशील, आक्कानं पोरीच्या शिक्षनासाठी केलं. पोरीला शिकवाय ठिवून घेतली, आसं सगळी गल्ली हितं म्हनती, मी बी त्यांना म्हनू देती. त्ये खोटं हाय. शिक्षन-बिक्षन माझ्या मनात बी न्हवतं. ह्यांच्या माघारी त्या खोलीत मला भिंतीसंगं बोलायची येळ आलीवती. ती माझ्याकडंच ऱ्हावी, म्हनून मी तुझी पोरगी थापा मारून ठिवून घेतली.

मनुबाई